प्रशांत नावाचं फोल्डर

आमच्या घरात ज्या ज्या वस्तूवर नाव घालता येत होतं, त्या प्रत्येक वस्तूवर दादाचं नाव होतं. फाटकाच्या खांबावर पाटी, 'प्रशांत निवास'. स्कूटरच्या पुढच्या काचेवर लाल अक्षरांत 'प्रशांत'. पाण्याच्या पिंपापासून चहाच्या गाळणीपर्यंत जी जी भांडी आईने घेतली, त्यांवर दुकानदाराकडून 'चि. प्रशांत' कोरून आणलेलं. मुलगी परक्या घरी जाणार, तिचं नाव भांड्यावर कशाला, असा सरळ विचार होता आणि अमरावतीतल्या आमच्या गल्लीत तो कुणालाच वावगा वाटत नव्हता. शेजारच्या काकू तेवढ्या आईला चिडवायच्या, "सिंधू, तुह्या घरी चहा बी प्रशांतच्याच नावानं गयते वं!" आई हसायची आणि त्याच गाळणीतून त्यांना चहा द्यायची. मीही त्याच गाळणीतून चहा गाळत मोठी झाले.

मग घरात कॉम्प्युटर आला. आला अर्थातच दादाच्या इंजिनीअरिंगसाठी. त्यावर नाव कोरता येत नव्हतं, म्हणून दादाने आत एक फोल्डर केलं आणि इंग्रजीत लिहिलं, प्रशांत. बाबांना ते दाखवलं तेव्हा त्यांना जो आनंद झाला तो मी विसरलेले नाही. पाटबंधारे खात्यात आयुष्यभर फायली हलवलेला माणूस. त्यांना वाटलं, चला, आता मशीनच्या आतही पोराची पाटी लागली. दसऱ्याला त्यांनी त्या डब्याला हळद-कुंकू वाहिलं आणि मॉनिटरला झेंडूचा हार घातला. हाराचं एक टोक पडद्यासमोर लोंबत असायचं, ते वाळून गळेपर्यंत कुणी काढलं नाही.

दादा नोकरीला पुण्याला गेला आणि कॉम्प्युटर मागे राहिला. तो मधल्या खोलीत होता, कारण कूलर त्याच खोलीत होता आणि बाबांच्या मते माणसापेक्षा मशीनला गारवा जास्त लागतो. मी त्यावर लोकांचे अर्ज, पत्रिका टाइप करायला शिकले. दादाच्या फोल्डरच्या खाली एक छोटंसं फोल्डर केलं आणि त्याला माझं नाव दिलं, वनिता. घरात माझं नाव लिहिलेली ती पहिली जागा. ती मी कुणाला दाखवली नाही. दाखवून काय झालं असतं म्हणा.

आईला पोटाचं दुखणं लागलं तेव्हा तिची खाटही त्याच मधल्या खोलीत आली. आधी वाटलं आम्लपित्त आहे, मग डॉक्टर बोलताना आमच्याकडे बघेनासे झाले, आणि आम्ही काय ते समजलो. आईला अन्न जात नव्हतं, पण सारा दिवस तिच्या तोंडात स्वयंपाकच असायचा. ज्याला खाता येत नाही तो खाण्याबद्दल किती बोलतो, ते मी तेव्हा पाहिलं. सांडया कोणत्या उन्हात वाळवायच्या, रोडग्यांना गोवऱ्यांचाच आर का लागतो, आंबाडीच्या भाजीत ज्वारीच्या कण्या कधी टाकायच्या. तिला लिहिता येत नव्हतं. मी एक दिवस कॉम्प्युटरचा माइक तिच्या तोंडाजवळ धरला आणि म्हटलं, "आई, यात बोल. हे राहील."

तिने माइककडे संशयाने पाहिलं, मग गळ्यावरचा पदर नीट केला, आणि टेलिफोनवर बोलतात तशी ओरडली, "हॅलो! मी सिंधू बोलून राहिली, अमरावतीवून!" मी इतकी हसले की पहिलं रेकॉर्डिंग सगळं माझ्याच हसण्याने भरलं. त्यानंतर मी कितीही समजावलं तरी प्रत्येक वेळी ती 'हॅलो'नेच सुरुवात करायची. त्या काळी कॉम्प्युटरमध्ये आवाज भरायची जी सोय होती ती एका मिनिटात आपोआप बंद पडायची. आई बोलण्यातच पातोडीच्या वड्यांचं बेसन घोटत असायची, ऐन रंगात आलेली असायची, आणि मशीन थांबायचं. ती चिडायची. "मेलं मले बोलू बी देत नाई. तुह्या बापासारखं हाय हे." मग पुन्हा बटण, पुन्हा हॅलो. "हॅलो. तर प्रशांतच्या बायकोले सांगा, बेसन घोटतांनी हात थांबवाचा नाई. हात थांबला का गाठी झाल्या."

होय, ते सगळं प्रशांतच्या बायकोसाठी होतं. कोण, कुठली, तेव्हा ठाऊकही नव्हती, पण आईने तिला मिनिटामिनिटाने सगळा स्वयंपाक शिकवला. मी माइक धरून बसायचे आणि ते तुकडे एकेक करून माझ्या फोल्डरमध्ये ठेवायचे. ठेवणारी मी होते, म्हणून माझ्यात. बाबा दारात उभे राहून ऐकायचे. त्यांना आईशी धड दोन वाक्यं बोलणं आयुष्यात जमलं नव्हतं, पण त्या माइकमधलं तिचं बोलणं त्यांना आवडायचं. त्या तुकड्यांत कूलरची घरघर होती, कुकरच्या शिट्ट्या होत्या, बाबांचं खाकरणं होतं. आज मला त्यातलं कुठलंही चाललं असतं.

एका दुपारी तिने स्वतःहून माइक मागितला. हॅलो म्हणाली नाही. म्हणाली, "हे प्रशांतच्या बायकोसाठी नाई. वने, हे तुह्यासाठी. तुह्यं नाव मी कशावर कोरलं नाई. पण माह्या हाताची चव तुह्याच हाती आली, हे मले मालूम हाय." मग म्हणाली, "आता पुरे. पाठ खाजवून दे." मी तोही तुकडा ठेवला. पुन्हा ऐकला नाही. वाटलं, ती गेल्यावर ऐकू, तेव्हा लागेल. शब्द मला तोंडपाठ आहेत, ते इथे लिहिलेच. शब्द राहतात. ते ती कसे म्हणाली, 'वने'मधला 'ने' ती कसा लांबवायची, ते दरवर्षी थोडं थोडं पुसट होत जातं.

आई हिवाळ्यात गेली. आमच्याकडे घरात असं झालं की लग्न वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. बाबांनी वर्षाच्या आतलं धरलं आणि उन्हाळा लागता लागता मोर्शीचं स्थळ ठरत आणलं. संत्र्यांचे बगीचे असलेली माणसं. मुलगी पाहून झाली होती, आता मुलीकडचे आमचं घर पाहायला येणार होते. दादा रजा काढून आला. बाबांनी भिंतींना चुना दिला, पाटी धुतली, कूलरला नवं गवत बसवलं, आणि पाहुणे गल्लीच्या तोंडाशी आल्याचं कळलं तेव्हा त्यांना आठवलं, की कॉम्प्युटर मधल्या खोलीत आहे. म्हणजे पाहुण्यांना दिसणारच नाही.

"बाहेर आना थो! पटकन!" बाबा म्हणाले. मी म्हटलं, बंद करून नेऊ, दोन मिनिटं लागतील. बाबा माझ्या अंगावर ओरडले. "बंद कायले? बंद डबा पाहून त्याईले काय समजन? चालू दिसला पाह्यजे!" बंद करून पुन्हा सुरू करायला त्या मशीनला फार वेळ लागायचा, हे त्यांना बरोबर ठाऊक होतं. तेव्हा चालू कॉम्प्युटरची मिरवणूक निघाली. वीज गेली तर मशीन चालू ठेवणारी बॅटरीची जड पेटी, यूपीएस, ती बाबांनी पोटाशी धरली. भिंतीतली पिन काढल्याबरोबर ती टीं टीं ओरडायला लागली. दादाने सीपीयू उचलला. मी मॉनिटर धरला, त्यावर रंगीत मासे पोहत होते. तिघं एकमेकांना वायरींनी बांधलेले, बाबा पुढे, आणि फाटकाशी जीप थांबल्याचा आवाज. बाबांनी पाऊल लांब टाकलं, वायर ताणली गेली, आणि दादा उंबरठ्याला अडखळला. सीपीयू खाली आपटला. मासे तसेच पडद्यावर थिजले.

मग त्या डब्यातून आवाज यायला लागला. टक्. टक्. टक्. टक्. जिभेने टाळू वाजवून एखादी म्हातारी 'च्च, च्च' करते ना, तसा. पाहुणे पोहे खात होते आणि तो आवाज चालू होता. मुलीच्या मामांनी कौतुकाने विचारलंही, "चालू हाय वाटते?" बाबा म्हणाले, "हाव, चालूच ऱ्हायते आमच्याकडं." लग्न ठरलं.

अमरावतीतल्या दोघा-तिघांनी हार्ड डिस्क पाहून हात वर केले. आतली सुई खराब झाली, म्हणाले. बाबांना सुरुवातीला त्याचं काही नव्हतं. एक दिवस जेवताना त्यांनी मला विचारलं, "तुह्या मायचं बोलनं त्याच्यातच हाय ना वं?" मी होय म्हटलं. त्यांचा घास हातातच राहिला. दुसऱ्या दिवसापासून ते ज्याला त्याला विचारत सुटले, आणि अकोल्याला एक माणूस बिघडलेल्या डिस्कमधून माल काढून देतो असा पत्ता घेऊन आले. पोरीचं तिथं काय काम, असं ते म्हणाले, पण मी चपला घालून दारात उभी होते. दादाही बरोबर होता. डिस्क मी आईच्या जुन्या मऊ पातळात गुंडाळली आणि एसटीत मांडीवर धरून बसले. मूर्तिजापूरला गाडी थांबली तेव्हा बाबा माझ्यासाठी केळी घेऊन आले. त्यांनी माझ्यासाठी खिडकीतून काही आत दिल्याचं मला तेवढंच आठवतं, म्हणून लिहून ठेवते. माणसाबद्दल वाईटच लिहायचं असलं तरी सगळं लिहावं.

अकोल्याचं ऊन काय सांगावं. बसस्टँडमागच्या गल्लीतलं दुकान म्हणजे एक बोळ, आणि गजूभाऊ नावाचा तो माणूस तोंडात सुपारी-तंबाखूचा खर्रा धरून बोलायचा, त्यामुळे त्याचं अर्धं बोलणं वरच्या दिशेने जायचं. त्याने डिस्क जोडली. टक्, टक्. "धुगधुगी हाय," तो म्हणाला. "थंडी देऊन पाहू." मग त्याने डिस्कला प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळलं आणि शेजारच्या लस्सीवाल्याच्या फ्रीजमध्ये, बर्फाच्या खणात, ठेवून दिलं. आम्ही बाकावर बसलो. लस्सीवाला येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी फ्रीज उघडायचा आणि दर वेळी माझा जीव वरखाली व्हायचा, की हा माझ्या आईवरून बर्फ काढतोय. बाबा गजूभाऊला दादाची पुण्यातली नोकरी समजावून सांगत होते. दादा मोबाइलवर बोटं चालवत होता.

डिस्क बाहेर आली तेव्हा पिशवीवर दव जमलं होतं. त्याने ती पुसून जोडली. टक् टक् झालं नाही. पडदा उजळला आणि त्यावर दोन पिवळी फोल्डरं उभी राहिली, वर प्रशांत, खाली वनिता.

गजूभाऊने खर्रा थुंकला, त्यामुळे पुढचं स्पष्ट ऐकू आलं. "लवकर बोला साहेब. सगळं येनार नाई. गरम झाली का गेली हे. पयले कोणतं काढू?"

"वनिता," मी म्हणाले.

"प्रशांत," बाबा म्हणाले.

"बाबा, आईचा आवाज माझ्या फोल्डरमध्ये आहे. मीच ठेवलाय."

"तुह्यात कायले राहीन? थे तं प्रशांतच्या बायकोसाठी बोलली होती. मी सोता आयकलं." आणि मग त्यांनी दादाकडे वळून विचारलं, "काय रे? तुह्यातच हाय ना?"

दादाने मान वर केली. त्याच्या फोल्डरमध्ये काय होतं ते त्याला ठाऊक होतं आणि मलाही ठाऊक होतं. सिनेमे, गाणी, गाड्या पळवायचे खेळ. बाबांना मात्र त्याने सांगून ठेवलं होतं की त्यात कॉलेजचं आणि ऑफिसचं काम आहे, फार महत्त्वाचं. 'नाही' म्हणायचं तर मग काय आहे ते सांगावं लागणार. त्याला एवढंच सोसायचं होतं. बापाचा एक रागाचा डोळा, तोही एका गल्लीतल्या दुकानात. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

"असेल," दादा म्हणाला.

मी गजूभाऊला म्हटलं, "ऐकू नका त्यांचं, खालचं काढा." बाबा म्हणाले, "तू गप ऱ्हाय. मानसं बोलून राहिले ना." आणि गजूभाऊने वरचं फोल्डर उचललं. पडद्यावर कागद उडायला लागले, एका फोल्डरमधून दुसऱ्यात, आणि खाली एकेक नाव सरकत होतं. मी ती नावं मोठ्याने वाचायला लागले. गाणं. गाणं. सिनेमा. खेळ. बाबा म्हणाले, "त्याले त्याचं काम करू दे." मी गजूभाऊला थांबा म्हटलं. तो म्हणाला, "ताई, आता मधात तोडलं तं पुन्हा लागन याचा काई भरोसा नाई." आणि हे बोलायला तो खरा होता, मशीनचं त्याला कळत होतं. घरातलं त्याला काय ठाऊक. दादा पानठेल्याकडे निघून गेला. मी त्या खालच्या फोल्डरकडे बघत उभी राहिले. ते समोर होतं, हात लावता येईल इतकं. मग टक्. टक्. टक्. आणि पडदा निळा झाला.

डिस्क पुन्हा बर्फात ठेवली. पुन्हा काढली. तिसऱ्यांदा लस्सीवालाच नाही म्हणाला. गजूभाऊने निघालेला माल सीड्यांवर भरून दिला. दादाची रजा संपत आली होती. तो अकोल्यावरूनच पुण्याच्या गाडीत बसला. जाताना बाबांच्या पाया पडला. मला म्हणाला, "चल गं." बस्स.

घरी आल्यावर बाबांनी अंघोळ केली. आईच्या फोटोपुढे उदबत्ती लावली. वलगावहून मावशीला बोलावून घेतलं होतं, ती खास पातळ नेसून आली होती, बहिणीला ऐकायला म्हणून. मी बाबांना सांगितलं, अकोल्यातही सांगितलं होतं, बसमध्येही, की यात आई नाही. ते ऐकल्यासारखं करत नव्हते. नवी डिस्क बसवली होती. मी सीडी लावली. बाबांनी कानांवर हेडफोन चढवला, माइक तोंडासमोर नीट केला, आणि डोळे मिटून हळूच म्हणाले, "हॅलो."

मी पहिली फाइल उघडली. कुठल्याशा सिनेमातलं पावसातलं गाणं होतं. "पुढचं लाव," बाबा म्हणाले. पुढचं लावलं. "पुढचं." हेडफोनमधून झिरपणारी गाणी ऐकून मावशी आधी हसली, मग पदर तोंडाला लावून आत पाणी प्यायला गेली. सीडी संपली, दुसरी लावली, तीही संपली. बाबांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला. त्यातून कुणीतरी बारीक आवाजात अजून गातच होतं.

"थो तं म्हने, असेल," बाबा म्हणाले. एवढंच. माझ्याकडे न बघता.

मला वाटलं होतं, आता तरी फोन होईल, आता तरी पोराला दोन शब्द ऐकवतील. तसं काही झालं नाही. लग्नात मोर्शीच्या माणसांनी विहीणबाईंचं रेकॉर्डिंग होतं म्हणे, असा विषय काढला, तेव्हा बाबा सहज म्हणाले, "होतं नं. वनितानं कुठं ठेवलं का तं, सापडलंच नाई." मी तेव्हा हातात गिल्या वड्यांचं ताट घेऊन उभी होते. त्या ताटावरही 'चि. प्रशांत' होतं. मी वाढत पुढे गेले. त्या दिवसानंतर मी बाबांशी लागेल तेवढंच बोलले, आणि ते म्हातारपणी माझ्याकडेच राहिले तरी त्यात बदल झाला नाही. सगळ्यांच्या मते मी त्यांचं फार चांगलं केलं. पातोडी मात्र मी त्यांना कधी करून घातली नाही. एकदा त्यांनी मागितली होती.

डिस्क माझ्याकडे आहे. मागे पुण्याच्या एका मोठ्या ठिकाणी दाखवली. आतल्या तबकड्यांवर ओरखडे आहेत, त्यांनी सांगितलं, आता त्यात काही उरलेलं नाही. आणली परत. त्याच पातळात आहे.

हे सगळं लिहायला बसले त्याला कारण झालं. गेल्या आठवड्यात दादाचा फोन आला. त्याच्या मुलाचं लग्न आहे, हॉलमध्ये मोठा पडदा लावणार आहेत, त्यावर घरातल्या गेलेल्या माणसांचे फोटो, आणि मागे त्यांचे आवाज. हल्ली जुना आवाज साफ करून देतात म्हणे, फार छान होतं. बाबांचा एक व्हिडिओ सापडला त्याला. आता फक्त आईचं हवं होतं.

"ते तिचं रेसिपीचं होतं बघ," तो म्हणाला. "अकोल्याच्या त्या माणसानं काढून दिलं होतं ना सगळं? सुनेला ऐकवू. आईची तीच इच्छा होती."

त्याला खरंच आठवत नव्हतं. मी इतकी वर्षं तो शब्द दाताखाली धरून बसले होते, आणि त्याने तो उच्चारल्याबरोबर तिथेच गल्लीत टाकून दिला होता.

"वने? तुझ्या फोल्डरमध्ये असेल ना?"

"असेल," मी म्हणाले, आणि फोन ठेवला.